खासदारांनी रोहिंग्यांबद्दल बोलावं असं वाटत असेल, तर त्यांच्याकडे नेमकं काय मागावं?

प्रश्न असा आहे: म्यानमारमधल्या रोहिंग्यांच्या छळाबद्दल आपल्या खासदारांनी संसदेत बोलावं म्हणून काही जणांनी पत्रं धाडली, सह्यांचं निवेदनही दिलं. पोचपावतीपलीकडे काही आलं नाही. आता पुढे काय करायचं, आणि पुन्हा पत्र लिहायचं तर कसं?

माहिती नाही म्हणून नेता गप्प आहे, असं सहसा नसतं. बोललो तर कोण दुखावेल आणि गप्प बसलो तर कोण जाब विचारेल, एवढा हिशेब त्याने मांडलेला असतो. दुसऱ्या रकान्यात शून्य असेल, तर छळाची कितीही हृदयद्रावक वर्णनं पाठवा, फाइल जिथे आहे तिथेच राहते. पत्राने तो हिशेब थोडा तरी हलला पाहिजे. त्यासाठी बोलण्याची किंमत कमी करून द्यावी लागते आणि गप्प बसण्याची किंचित वाढवावी लागते.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे म्यानमारच्या तेव्हाच्या नागरी सरकारच्या नेत्या आंग सान सू ची. २५ ऑगस्ट २०१७ रोजी आर्सा (अराकान रोहिंग्या साल्व्हेशन आर्मी) या सशस्त्र गटाने म्यानमारच्या राखाइन राज्याच्या उत्तर भागातल्या सुमारे तीस पोलीस चौक्यांवर आणि एका लष्करी तळावर हल्ले केले. त्यानंतरच्या लष्करी कारवाईत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. सू ची यांनी बोलावं म्हणून दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदविरोधी धर्मगुरू डेस्मंड टुटू यांनी खुलं पत्र लिहिलं. पुढे कॅनडाने सन्माननीय नागरिकत्व काढून घेतलं, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने आपला पुरस्कार परत घेतला. परिणाम काय झाला? डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्या स्वतः म्यानमारच्या बचावाला उभ्या राहिल्या, आणि २०२०च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पुन्हा प्रचंड बहुमताने निवडून आला. २००८च्या राज्यघटनेने संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती लष्कराच्या हाती ठेवली होती, आणि देशातला बहुसंख्य वंश असलेल्या बामार मतदारांना रोहिंग्यांविषयी सहानुभूती नव्हती. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणाचंच त्यांच्या पक्षाला मत नव्हतं. हिशेब बदलण्याचं साधन विनवणी करणाऱ्यांच्या हातात नव्हतंच.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्याकडचं आहे. श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावर १९ मार्च २०१३ रोजी द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. दोनच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. २०१२ मध्येही भारताने तसंच मत दिलं होतं, त्यामुळे सारं श्रेय त्या एका घटनेला देता येणार नाही. पण दबाव आला तो मतदारसंघांतून, आणि मागणी एका विशिष्ट ठरावाविषयी, एका विशिष्ट तारखेची होती. रोहिंग्यांच्या मागे भारतात असा मतदार नाही. म्हणून तुमची मागणी लहान, नेमकी आणि खासदाराला झेपणारी असणं आणखी गरजेचं ठरतं.

‘आवाज उठवा’, ‘निषेध करा’, ‘भूमिका घ्या’ ही मागणी होत नाही. स्वीय सहायक पत्र वाचतो तेव्हा त्याला एवढंच कळायला हवं असतं की साहेबांनी कोणत्या दिवशी, कोणत्या आयुधाने, कोणते शब्द उच्चारायचे. म्हणून आधी संसदीय आयुधं ओळखून घ्या.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे अतारांकित प्रश्न. त्याचं उत्तर लेखी मिळतं, नोंदीत कायम राहतं, आणि खासदाराला सभागृहात उभं राहून कुणाचा रोष ओढवून घ्यावा लागत नाही. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, उपप्रश्न विचारता येतात. पण लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न सोडतीने ठरतात आणि तासाभरात त्यांतले थोडेच पुकारले जातात. दोन्हींसाठी किमान पूर्ण पंधरा दिवसांची सूचना लागते. पहिला आणि शेवटचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे १० डिसेंबरला उत्तर हवं असेल तर सूचना २४ नोव्हेंबरपर्यंत सचिवालयात पोचायला हवी, आणि तुमचा मसुदा खासदारांच्या कार्यालयात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. शिवाय प्रत्येक मंत्रालयाला उत्तरासाठी ठरावीक वार असतात. परराष्ट्र मंत्रालयाचा वार त्या अधिवेशनाच्या तक्त्यात बघून मगच तारीख धरा.

शून्य प्रहर म्हणजे तातडीचे विषय थोडक्यात मांडण्याची वेळ. त्याची सूचना त्याच दिवशी सकाळी दहापर्यंत देता येते. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि मंत्र्यांवर उत्तराचं बंधन नसतं. बातमी व्हावी असं वाटत असेल तर हा मार्ग. उत्तर हवं असेल तर नाही. लोकसभेत नियम ३७७ खाली आणि राज्यसभेत विशेष उल्लेख म्हणून सुमारे अडीचशे शब्दांचा मजकूर मांडता येतो, आणि त्यावर मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येतं. संयत, जपून बोलणाऱ्या खासदाराला हे सोयीचं पडतं. नियम १९३ खालच्या अल्पकालीन चर्चेला सूचना देणाऱ्याशिवाय आणखी किमान दोन सदस्यांच्या सह्या लागतात. एकट्या खासदाराच्या मागे लागून ती मिळत नाही, सुरुवात तिथून करू नका.

प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून द्या. कार्यालयांना विषयांचा नव्हे, मसुद्यांचा तुटवडा असतो. लोकसभेच्या नियम ४१ मध्ये प्रश्न कशामुळे बाद होतो ते लिहिलं आहे, आणि रोहिंग्यांवरचे प्रश्न नेमके त्यांतल्याच कलमांवर अडकतात. प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप नसावेत. मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख नसावा. न्यायप्रविष्ट बाबीची माहिती सहसा मागता येत नाही. आणि भारतातल्या रोहिंग्यांच्या पाठवणीचा विषय २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ‘म्यानमारच्या क्रूर लष्कराने चालवलेल्या वंशसंहाराबाबत सरकार गप्प का?’ हा प्रश्न म्हणूनच दारातच अडतो. त्याऐवजी असा द्या:

‘परराष्ट्र व्यवहार मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय: (अ) राखाइन राज्यातून २०१७ पासून बांगलादेशात विस्थापित झालेल्या व्यक्तींच्या सुरक्षित, लवकर व टिकाऊ परतीबाबत सरकारने म्यानमारशी चर्चा केली आहे काय; (आ) असल्यास, तारखांसह तपशील; (इ) डिसेंबर २०१७ च्या राखाइन विकास कार्यक्रमाखाली बांधलेल्या घरांपैकी किती घरांत परतलेली कुटुंबे राहत आहेत; आणि (ई) नसल्यास, त्याची कारणे काय?’

‘सुरक्षित, लवकर व टिकाऊ परत’ आणि ‘विस्थापित व्यक्ती’ हे शब्द सरकार स्वतःच वापरत आलं आहे. तेच वापरले की प्रश्न सरकारविरोधी वाटत नाही, आणि सत्ताधारी पक्षाचा खासदारही तो विचारू शकतो. खरी मेख (इ) मध्ये आहे. त्या कार्यक्रमासाठी भारताने पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर देण्याचा करार केला आणि जुलै २०१९ मध्ये २५० तयार घरं म्यानमारकडे सोपवली. त्या घरांत कोण राहतं हे विचारलं, की रोहिंग्यांच्या परतीचा प्रश्न आपल्या करदात्याच्या पैशाच्या हिशेबातून वर येतो.

इथे ‘रोहिंग्या’ शब्दाचं काय करायचं, हा खरा पेच आहे. म्यानमारचं सरकार त्यांना ‘बंगाली’ म्हणत आलं. १९८२च्या नागरिकत्व कायद्यानंतरच्या १३५ मान्य ‘राष्ट्रीय वंशां’च्या यादीत त्यांना जागा नाही आणि २०१४च्या जनगणनेत स्वतःची ओळख रोहिंग्या म्हणून नोंदवू दिली नाही. सू ची यांनी १९ सप्टेंबर २०१७च्या भाषणात हा शब्द फक्त आर्साच्या पूर्ण नावात उच्चारला. पोप फ्रान्सिस यांनीही त्याच नोव्हेंबरात म्यानमारमध्ये तो टाळला आणि १ डिसेंबरला ढाक्यात उच्चारला. नाव घेणं हाच बोलण्याचा अर्धा भाग आहे, म्हणून पत्रात आणि भाषणाच्या मसुद्यात ते ठामपणे घ्या. प्रश्नाच्या मसुद्यात मात्र उत्तर मिळवणं महत्त्वाचं. तिथे सरकारी शब्द चालवून घ्यावा असं माझं मत आहे. कार्यकर्त्यांना हे पटत नाही, आणि त्यांचा आक्षेप अगदीच चुकीचा नाही.

आता पत्र. एक पान, तीनशे शब्दांच्या आत, आणि मागणी पहिल्याच परिच्छेदात. साधारण असं:

‘मा. खासदार महोदय, सप्रेम नमस्कार. मी आपल्या मतदारसंघातील मतदार आहे. येत्या हिवाळी अधिवेशनात आपण परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांना सोबत जोडलेला अतारांकित प्रश्न विचारावा, ही विनंती. सूचना देण्याची शेवटची तारीख २४ नोव्हेंबर आहे. भारताने राखाइनमधील घरांसाठी निधी दिला. ती घरे ज्यांच्यासाठी होती ती माणसे अद्याप बांगलादेशातील छावण्यांत आहेत. आपण यापूर्वी शेजारी देशांविषयी प्रश्न विचारले आहेत, म्हणून आपल्याकडे आलो आहोत. येत्या आठवड्यात आपल्या कार्यालयात पंधरा मिनिटांची वेळ मिळाल्यास भेटून बोलू. आपला निर्णय काहीही असला तरी कळवावा.’

खाली नाव, पूर्ण पत्ता, विधानसभा क्षेत्र. पत्त्याशिवायचं पत्र मतदाराचं धरलं जात नाही. ‘यापूर्वी प्रश्न विचारले आहेत’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. प्रत्येक खासदाराचे जुने प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतात, अर्धा तास लागतो. एकाच मजकुराच्या पाचशे पत्रांपेक्षा वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या शब्दांत, एकच मागणी करणारी बारा पत्रं जास्त चालतात. पाचशे पत्रांवर एकच शेरा बसतो. बारा पत्रांना बारा उत्तरं द्यावी लागतात.

जोडपत्रही एकच पान. त्यावर पाच-सहा तथ्यं, प्रत्येकापुढे तारीख आणि ती कुणी म्हटली ते. इथे होणाऱ्या चुका सर्वांत महाग पडतात.

पहिली चूक छायाचित्रांची. ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनी रोहिंग्यांच्या छळाची म्हणून काही छायाचित्रं ट्विटरवर टाकली. ती दुसरीकडचीच निघाली, त्यांनी ती काढून टाकली. पण तेवढ्यावर सू ची यांना सगळं प्रकरण अपप्रचाराचा हिमनग म्हणून झटकता आलं. हजार खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक खोटं चित्र असलं की समोरचा फक्त त्याच्याविषयी बोलतो. छायाचित्र मुळीच जोडू नका, हा साधा नियम. अपवाद उपग्रह चित्रांचा, तोही ज्या संस्थेने प्रसिद्ध केली तिच्या नावासकट. ठोस घटना हवी असेल तर इन दिन गाव घ्या: सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे दहा रोहिंग्या पुरुषांना मारून एका खड्ड्यात पुरलं. शोध घेणारे रॉयटर्सचे दोन पत्रकार तुरुंगात गेले, आणि हत्या झाल्याचं खुद्द लष्करानेही कबूल केलं.

दुसरी चूक शब्दांची. ‘वांशिक शुद्धीकरण’ आणि ‘वंशसंहार’ एकच नव्हेत. वंशसंहाराला १९४८च्या कराराची कायदेशीर व्याख्या आहे आणि तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार प्रमुखांनी सप्टेंबर २०१७ मध्ये पहिला शब्द वापरला. ऑगस्ट २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच सत्यशोधन पथकाने वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची वंशसंहारासाठी चौकशी व्हावी असं म्हटलं. अमेरिकेने मार्च २०२२ मध्ये वंशसंहार जाहीर केला. गांबियाने म्यानमारविरुद्ध केलेल्या वंशसंहाराच्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जानेवारी २०२० रोजी जे दिले ते अंतरिम आदेश होते. ‘जागतिक न्यायालयाने दोषी ठरवलं’ असं त्यांच्या आधारे लिहिलं, तर परराष्ट्र खात्यातला कनिष्ठ अधिकारीसुद्धा तुमच्या खासदाराला तोंडघशी पाडेल.

तिसरी चूक म्हणजे अडचणीचं तथ्य गाळणं. आर्साने ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर राखाइनमध्ये नव्व्याण्णवपर्यंत हिंदूंची हत्या केल्याचं अ‍ॅम्नेस्टीने मे २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. भारतातल्या कुठल्याही खासदाराला पहिला प्रतिप्रश्न याचाच येणार. ते जोडपत्रात स्वतःहून लिहा, आणि पुढच्याच ओळीत लिहा की एका सशस्त्र गटाच्या गुन्ह्याची शिक्षा सात लाख लोकांना गाव सोडायला लावून देता येत नाही. हे खासदाराला टीव्हीवर पहिल्यांदा ऐकावं लागलं, तर तो तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

आणखी एक: पुष्कळ निवेदनं अजून २०१७ मध्येच अडकलेली असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. ज्या लष्कराने रोहिंग्यांना हाकललं, त्यानेच २०२४ मध्ये त्यांना सक्तीने भरती करायला सुरुवात केली. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर राखाइनमधलं, बांगलादेशाच्या सीमेवरचं माउंगडॉ शहर लष्कराशी लढणाऱ्या अराकान आर्मी या राखाइन सशस्त्र गटाच्या ताब्यात गेलं. म्हणजे परतीची हमी आता एकट्या नेपिडॉकडून, म्हणजे राजधानीतल्या सरकारकडून, मिळण्यासारखी नाही. मसुद्यात ‘म्यानमार सरकार आणि संबंधित सर्व पक्ष’ असा शब्दप्रयोग ठेवा.

भेटीत तीन आक्षेप हमखास येतात. ‘हा त्यांचा अंतर्गत मामला आहे.’ यावर उत्तर असं की १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारतानेच संयुक्त राष्ट्रांत नेला होता, तेव्हा दक्षिण आफ्रिकेने हेच म्हटलं होतं आणि आपण ते मानलं नव्हतं. शिवाय भारताने १९५९ मध्ये वंशसंहारविरोधी करार स्वीकारला आहे. ‘सुरक्षेचा प्रश्न आहे’ हा आक्षेप भारतात आलेल्यांविषयी असतो. त्यावर वाद घालू नका. परत जाण्याची परिस्थिती निर्माण झाली तर इकडचा ताणही कमी होतो, एवढं म्हणा आणि थांबा. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२१च्या आदेशात विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवणी करू नये असं म्हटलं, पण भारतात राहण्याचा हक्क नागरिकांपुरताच असल्याचंही नोंदवलं. त्या आदेशाचा अर्धाच भाग सांगू नका. तिसरा आक्षेप, ‘सरकारची भूमिका वेगळी आहे.’ भूमिका आहे ती अशी: जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत म्यानमारवरच्या ठरावांच्या मतदानात भारत तटस्थ राहिला. सप्टेंबर २०१७ मध्ये बालीतल्या जागतिक संसदीय मंचावर तेव्हाच्या लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजन यांच्या नेतृत्वाखालच्या शिष्टमंडळाने राखाइनचा उल्लेख असलेल्या जाहीरनाम्यात सामील व्हायला नकार दिला. पण त्याच महिन्यात परराष्ट्र मंत्रालयाने निर्वासितांच्या लोंढ्याविषयी चिंता व्यक्त केली आणि ‘ऑपरेशन इन्सानियत’खाली बांगलादेशात मदतही पाठवली. या दोन टोकांमधली जागा तुमच्या खासदाराची. तो तिथे उभा राहिला तर पक्षशिस्त मोडत नाही.

भेटीला तिघांनी जावं, जास्त नको. एकाने मागणी सांगायची, एकाने आक्षेपांना उत्तर द्यायचं, तिसऱ्याने फक्त लिहून घ्यायचं. निघण्याआधी ‘सूचना कोणत्या तारखेला जाईल आणि आम्ही कुणाशी संपर्क ठेवू?’ हे विचारल्याशिवाय उठू नका. ‘बघतो’ म्हणजे नाही. नाही म्हटलं तर एक पायरी खाली या: परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांना खासदारांच्या लेटरहेडवर एक पत्र. तेही नको असेल तर परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीवरच्या एखाद्या सदस्याशी गाठ घालून देण्याची विनंती. मार्चमध्ये मंत्रालयाच्या अनुदान मागण्या समितीपुढे असतात, तेव्हा म्यानमारला दिलेल्या मदतीचा हिशेब विचारणं अगदी साहजिक दिसतं.

तारखांचाही एक सापळा आहे. सगळ्यांना २५ ऑगस्ट सुचतो, पण पावसाळी अधिवेशन बहुधा त्याआधीच संपलेलं असतं. जुलै अखेर किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. नोव्हेंबरात आमसभेच्या तिसऱ्या समितीत रोहिंग्यांवरचा ठराव येतो, त्याचा ताजा संदर्भ हिवाळी अधिवेशनात वापरता येतो.

भारतात राहणाऱ्या एखाद्या रोहिंग्या कुटुंबाची कहाणी पत्रात घालायचा मोह होईल. नाव, वस्ती, चेहरा, नोंदणी क्रमांक यांपैकी काहीही लिहू नका. भारत १९५१च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड असलेल्यालाही कायद्याचं पूर्ण संरक्षण नाही, आणि खासदारांना दिलेलं निवेदन गुप्त राहील अशी हमी कुणीच देत नाही. त्या माणसाने होकार दिला असला तरी परिणामाची कल्पना तुम्हाला अधिक आहे.

उत्तर आलं की मंडळी विसरून जातात. लेखी उत्तरात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं असेल तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं. तारीख टिपून ठेवा आणि मुदत संपताच खासदारांच्या कार्यालयाला आठवण द्या, म्हणजे विषय शासकीय आश्वासन समितीकडे नेता येतो. आणि खासदार खरंच बोलले, तर पहिल्या दोन दिवसांत त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडतो. त्याच दोन दिवसांत ज्यांनी पत्रं लिहिली त्या बाराही जणांनी, पत्त्यासकट, आभाराच्या दोन ओळी कार्यालयात पोचवायच्या. स्वीय सहायक त्या मोजतो.